जुन्या गटातली शपथ

वडगावच्या दवाखान्यात शेजारच्याच बाकावर बसलेल्या कस्तुराबाई आणि त्यांची सून समीक्षा यांचे बोलणे कानाआड करणे भौतिकशास्त्राच्या प्राध्यापिका अनघा यांना शक्य झाले नाही.

“आत्या, उमेदवारी मिळाली मला! जिल्हा परिषदेची!”

“इंदुरीच्या गटात? तितं तर दत्तोबा उभा हाय.”

“आपण आता त्या गटात नाही. विधानसभेनं नवा कायदा केला, गटांच्या सीमा बदलल्या. आपली वाडी शेजारच्या गटात गेली.”

“अगं बया! वाडी हाय तितंच हाय की.”

“वाडी तिथंच आहे, रेघ सरकली. आत्या, अशा काय बघताय?”

“मी बेलभंडारा उचललाय गं. दत्तोबानं जेजुरीला नेलतं तवा. त्याच्याबिगर दुसऱ्या कुनाला मत देनार न्हाई म्हनले.”

“ती शपथ जुन्या गटापुरती होती.”

“खंडोबाला गट कळत्यात व्हय?”

“मी तुमची सून आहे, आत्या!”

“म्हनून तर घोर लागलाय मला.”

शेवटी ती हळद आणि बेलाची पानेच, असे सांगायला अनघांनी तोंड उघडले. पण समीक्षा तोवर सावरली होती.

“बरं, नका देऊ. तुमच्या एका मतानं काही मी पडत नाही.”

“एकटी न्हाई गं. बसमदी वाडीतल्या झाडून साऱ्या बाया व्हत्या.”

“सगळ्यांनी उचलला?”

“उचलत नव्हत्या. म्याच एकेकीचा हात धरून उचलायला लावला.”

परिचारिकेने कस्तुराबाईंचे नाव पुकारले. दोघींपैकी कुणीही उठले नाही.