हात हाय काय कोनाचा?

काकू, दादारावांची लेक कुसुम, वस्तीतल्या आयाबाया, जिनिंगमधले माझे सोबती, आणि पुढच्या खुर्चीवर बसलेले मॅनेजर साहेब. सगळ्यांना जय भीम, सगळ्यांना नमस्कार.

आज बोलणाऱ्यांत माझं नाव नव्हतं. मीच माईक मागून घेतला. समोर दादारावांच्या फोटोला हार घातला आहे, आणि मला अजून वाटते, ते मागच्या रांगेत बसून या माईकची वायर पाहत असतील. कोणी जोडली, कशी जोडली. वायर दिसली की दादारावांना संशय यायचाच.

मी कोण, तेही सांगतो. अकोल्याचं कॉलेज अर्ध्यावर सोडून आलेला पोरगा. भांडून सोडलं. कोणाशी, ते विचारू नका. वाशीमला परत आलो आणि याच जिनिंगमध्ये सक्शनवर लागलो. तो पाहा तो पत्र्याचा पाइप, यार्डातला कापूस ओढून आत नेणारा. पाइपाच्या दुसऱ्या टोकाला पंखा, पंख्याला मोटर, आणि मोटरीला दादाराव वायरमन.

त्यांचं काम म्हणजे संशय घेणं. पंखा फिरतो, आवाज बरोबर आहे, पण कापूस चढत नाही. आम्ही म्हणायचो, पाइप तुंबला. दादाराव पाइपाच्या तोंडाशी रुमाल धरायचे. रुमाल ढिला ओढला गेला की म्हणायचे, "पंखा उलटा फिरून राह्यला. कोनं वायरी बदलल्या?" कोणीतरी बदललेल्या असायच्याच. कधी मोटर नुसती घुमायची, उचलायची नाही. आम्ही म्हणायचो, मोटर जळली. ते म्हणायचे, "मोटरीले कायले बदनाम करतं? एक फेज येऊन नाई राह्यला. करंट जिथून येते तिथून पाह्यत ये. आधी फ्यूज पाह्य, मंग स्टार्टर पाह्य. मोटरीचं नाव सगळ्यात शेवटी घे."

नाव सगळ्यात शेवटी. हे लक्षात ठेवा मंडळी, मी परत येणार आहे इथं.

माझ्यावरही त्यांनी संशय घेतला होता. मी त्यांच्या घरी रेडिओ नेला, मग टेबल फॅन नेला, मग इस्त्री नेली. काकूंनी चहा ठेवला. दादारावांनी इस्त्रीची वायर उजेडात धरली.

"काय हो कालेज, हे वायर कशी तुटली?"

"वापरून वापरून, दादाराव."

"वापरून तुटली असती त दोऱ्यावानी इस्कटली असती. हे पकडीनं कापली हाय. तुयं कालेज सुटलं, पन खोटं बोलनं नाई सुटलं."

आत कोणीतरी हसलं. म्हटलं, आता हाकलून देतात. त्यांनी वायर जोडली, इस्त्री माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "चहा प्याले येत जाय. सामान नको तोडू."

मागं कोण बोललं? "म्हनूनच एवढं बोलून राह्यला हा." होय भाऊ, बोलून राह्यलो! माझ्या मनात काय आहे ते माझं आहे. त्यात कोणाच्या लेकीचं नाव चघळू नका. माझ्यावर संशय घ्यायचा तर खुशाल घ्या. पण घेतला आहे तर पुरा घ्या. माझ्यापाशीच थांबू नका.

दादारावांच्या दोन सवयी इथं सगळ्यांना पाठ आहेत. मशीनला हात लावायच्या आधी मेन स्विच पाडायचा, आतले तिन्ही फ्यूज काढायचे, ते चिनी मातीचे किटकॅट, आणि शर्टाच्या खिशात टाकायचे. मेन कोणीही वर करू शकते. फ्यूज खिशात असला की कोणाचा बाप मशीन चालू करू शकत नाही. आणि दुसरी सवय. फ्यूज परत लावायच्या आधी ओरडायचं, "हात हाय काय कोनाचा?" आणि थांबायचं. समोर कोणी नसलं तरी थांबायचं. रिकाम्या जिनिंगला विचारायचं आणि रिकाम्या जिनिंगचं उत्तर ऐकायचं. आपण हसायचो. दुपारी एकमेकांचे डबे उघडताना आपण त्यांचीच नक्कल करायचो, हात हाय काय कोनाचा, आणि दुसऱ्याच्या भाकरीवर हात मारायचो.

त्या दिवशी मोटर घुमत होती, उचलत नव्हती. गेटाबाहेरपर्यंत कापसाच्या गाड्या, बैलं कंटाळलेली, गाडीवाले शिव्या देत होते. दादाराव मेनपाशी गेले, मग भिंतीपलीकडे स्टार्टरपाशी गेले. झाकण उघडून आत हात घातला. मी यार्डात होतो. पलीकडं मोटर एकदा घुमली. मी म्हटलं, झालं वाटते. मग माणसं धावायला लागली.

मॅनेजर साहेब आत्ताच बोलले. चांगलं बोलले. डोळ्याला रुमाल लावला. पण एक शब्द बोलले. नजरचूक. मेन बंद करायचा राहून गेला, एवढ्या अनुभवी माणसाची नजरचूक झाली. हाच शब्द पोलिसांना सांगितला. हाच शब्द बाजारात, हाच रेल्वे स्टेशनवर. दादाराव विसरले. दादाराव चुकले. जन्मभर ज्या माणसानं दुसऱ्याची चूक शोधली, तो स्वतःच्या चुकीनं गेला, असं आता पोरं पण बोलतात.

दवाखान्यातून आलेलं कपड्यांचं गाठोडं काल कुसुमनं उघडलं. मला बोलावलं. म्हणाली, "बाबा विसरले म्हनतात सारे. मंग हे काय हाय?"

हे पाहा. मागच्यांनो, उभं राहून पाहा. एक. दोन. तीन. प्रत्येकावर लाल तेलरंगाचा ठिपका. तो ठिपका कोण लावायचं, ते या यार्डात कोणाला सांगायला नको. हे तिन्ही फ्यूज दादारावांच्या शर्टाच्या खिशात होते.

मी तसाच जिनिंगमध्ये गेलो आणि मेनची पेटी उघडली. वाटलं, तिन्ही जागा रिकाम्या असतील. नव्हत्या. पेटीवर कापसाच्या बारीक तंतूंचा थर, आणि आत तीन कोरे किटकॅट. धुतल्यासारखे पांढरे. ठिपका नाही.

साहेब म्हणतील, ते नंतर लावले. ठीक. मग त्या वेळी करंट कुठून आला? दादाराव विसरले असते तर त्यांचे फ्यूज पेटीत असते. ते खिशात होते. म्हणजे पेटीतली जागा रिकामी होती. म्हणजे ती कोणीतरी भरली. एक नाही, तिन्ही. स्टोअर उघडून, नवे काढून, त्यांत तारा ओवून, उभं राहून लावले आणि मेन वर ढकलला. स्टोअरची किल्ली ऑफिसातल्या खिळ्याला असते.

साहेब, बसा. मी तुमचं नाव घेतलं काय? ऑफिसात जाणारे चार जण आहेत. घाई सगळ्यांना होती, गाडीवाल्यांनाही, मलाही. ज्यानं लावले त्यानं पाहिलं असेल, फ्यूज नाहीत. वाटलं असेल, चोरी गेले. किंवा पक्कं माहीत असेल ते कोणाच्या खिशात आहेत. मला माहीत नाही. माझं डोकं तापलेलं आहे, मला दहा नावं सुचतात. पण ज्यानं मला शिकवलं त्याच्या फोटोसमोर मी नाव आधी घेणार नाही.

मला एकच पाहिजे. नजरचूक हा शब्द त्यांच्या घरच्या दारावरून काढा. दादाराव विसरले नव्हते. विचारायचं विसरलं ते दुसरंच कोणी.

आता दोन मिनिटं आपण गप्प उभं राहू. या मंडपाचा फ्यूज त्या खांबावर आहे. तो मी काढतो आणि माझ्या खिशात ठेवतो. माईक जाईल, भोंगा गप्प होईल. कोणी स्टोअरकडं पळू नका. परत लावायच्या आधी मी ओरडणार आहे, त्यांच्यासारखा, आणि उत्तर येईपर्यंत थांबणार आहे. ते रिकाम्या जिनिंगला विचारायचे. आज जिनिंग भरलेली आहे.

दादाराव, तुमाले शेवटचा जय भीम.

उभे राहा मंडळी. आणि ऐकून ठेवा, दोन मिनिटांनी काय विचारणार आहे ते. हात हाय काय कोनाचा?