रबराखालचा अंगठा

—नाही, ताई, इतकी चकचकीत धुवून आणलीत ना, तिथेच माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. विकायची गाडी लोक धुतात, कबूल, पण टायरलासुद्धा पॉलिश? आणि आत ही सुगंधी डबी — कसला वास झाकताय? मुलाला गाडी लागते म्हणून? असेल बुवा. मी आपलं विचारतो, स्वभावच तसा. लेक म्हणते, बाबा, तुम्ही स्वतःच्या सावलीचंही ओळखपत्र मागाल. तीच घेणार आहे ही एसयूव्ही — पुढे ती नि जावई, मागे माझी दोन नातवंडं. मग डोळे उघडे नको ठेवायला? आणि जाहिरातीत तुम्ही लिहिलंय ‘अपघात झालेला नाही’. विचारलं होतं कुणी? न विचारता सांगतात ना माणसं, तेव्हाच मी सावध होतो.

इंजिन जावई बघेल, त्यातलं मला ओ की ठो कळत नाही. माझा विषय पत्रा. बत्तीस वर्षं डेंटिंग-पेंटिंग केलंय. हे? हे चुंबक — रुमालात गुंडाळलंय, ओरखडा नाही यायचा. पत्र्याला चिकटतं, लांबीला नाही. खड्डा बुजवायला भरतात ना, ती लांबी. हे पुढचं दार — चिकटलं. छत — चिकटलं. डावं मागचं दार... पडलं. थांबा, परत लावतो. परत पडलं! आता बोला. अपघात नाही काय? रागावू नका, पण तोंडावर खोटं बोलणारी माणसं मी आयुष्यभर पाहिलीत — पाहिलीत काय, त्यांच्याच गाड्या नटवून दिल्या. म्हणजे गॅरेजचा मालक सांगायचा, आम्ही करायचो. ते जाऊ द्या. काम मात्र सुरेख हं! रंगात कुठे फरक दिसतोय का? कुणीतरी जाणता हात आहे. आता हा मधला खांब बघू, दोन दारांच्या मधला — बाजूने धडक बसली तर आतल्याला वाचवतो तो हाच. जरा रबर सोलतो, घाबरू नका, परत बसवून देईन—

काही नाही. अहो, काही नाही म्हणतोय ना. रबर कडक झालंय, एवढंच. तसाही लेकीला हा रंग... आम्ही नाही घेत. या तुम्ही. मिळेल की दुसरं गिऱ्हाईक, न मिळायला काय झालं — ती मागची छोटी खुर्ची कुणाची? डावीकडची. धाकट्याची? रोज बसतो? किती वर्षं झाली तुम्हाला गाडी घेऊन? चार. आणि ज्यांनी तुम्हाला विकली, त्यांनीही अपघात नाही असंच सांगितलं होतं. हो, सांगणारच.

ताई, इकडे या. हा रंगाचा ठसा दिसतो? शेड जुळली का बघायला मी रबराखाली रंगाचा अंगठा टेकवायचो — तिथे कोण बघतंय? आणि हा माझा अंगठा. ही आडवी खूण बघा, लग्नाच्या वर्षी पत्र्याने कापला होता. आता परत ठसा बघा. हो. तीच. हा खांब दोन तुकड्यांचा आहे, ताई. दुसऱ्या गाडीचा अर्धा कापून जोडलेला. जोडून झाल्यावर माझ्याकडे आली. मी मालकाला म्हणालो होतो, हा धडक सोसायचा नाही — एकदाच म्हणालो. मग लांबी भरली. मन लावून भरली. लेकीसाठी मी चुंबक घेऊन आलो, बघा. तुमच्यासाठी कुणी आलं नाही.

असं बघू नका हो. मघाशी मी तुम्हाला खोटारडं म्हणालो — नाही, ते सोडा. जाहिरात काढून टाका. कुणाला विकू नका, आणि ह्यातून घरी जाऊ नका, मी रिक्षा बोलावतो. ती खुर्ची तेवढी काढून देतो, सरका जरा—

नको?

बरं. तुम्हीच काढा. मी हात लावत नाही.