सुकदेव गुरुजींचं भिक्षापात्र

केसरबाई : ते भांडं आधी खाली ठेव, सुकदेव. डोकं भादरलं, चीवर नेसला, मी काई बोलली नाई. पन उद्या ते घेऊन तू लोकायच्या दारी जानार नाई.

सुकदेव : माय, दहा दिवसांचा का होईना, मी श्रामणेर, म्हणजे शिकाऊ भिक्खू, झालोय. सकाळी पात्र घेऊन निघायचं आणि मिळेल ते दुपारच्या आत खायचं, हा नियमच आहे. पिंडपात म्हणतात त्याला.

केसरबाई : नाव कोनतं बी दे. दारोदारच ना?

सुकदेव : चल, नदीकाठी फिरून येऊ. बर्मी विहार पाहू, जपानी लोकांचा पाहू. बुद्धगयेला आलीस आणि कालपासून वऱ्हांड्यात बसून आहेस.

केसरबाई : विहार कुठी पळून जात नाई. बोदवडहून दोन दिवस गाडीत बसून मी बुद्धापुढं डोकं टेकवाले आली. पोराच्या हाती कटोरा पाहाले नाई.

भागाबाई : चाळीस वर्षं शेजारीन हाये मी तुही, अक्का, पन असा रुसवा पाहला नाई. इंग्रजाच्या बंगल्यात उतरवलं आपल्याले. हे केवढाले खांब, ह्या कमानी. आपल्याकडं असल्या बंगल्याच्या पायरीवर बी कोनी बसू दिलं नसतं. अन् तू इथं बसून तोंड फुगवते.

केसरबाई : तुले तर सगळं माहीत हाये, भागा. सांजच्याले गावकीची भाकर मांगाले कोन जाये? मी. टोपलं खाली ठेवायचं अन् लांब उभं राहायचं. वरून टाकत. छप्पन साली दीक्षा घेतली अन् ह्याच्या बापानं ते टोपलं चुलीत घातलं. म्हने, आता माह्या घरातलं कोनी दुसऱ्याच्या दारी उभं राहनार नाई.

भागाबाई : मंग झिपरूभाऊ जिनात कापसाच्या गाठी उचलाले लागला. कित्येक दिवस तुमच्या घरी नुसती अंबाडीची भाजी.

केसरबाई : चौतीस वर्षं झाली. ते गेले, पन त्याईचा शब्द मी मोडू दिला नाई. अन् हा हेडमास्तर झालेला मानूस मोडाले निंघाला.

सुकदेव : ती भाकरी मलाही आठवते, माय.

केसरबाई : तुले काय आठवते? एवढासा व्हता तू.

सुकदेव : सात-आठ वर्षांचा होतो. तुझा पदर धरून यायचो. एकदा टाकलेली भाकरी टोपल्याबाहेर चिखलात पडली. तू ती नाल्यावर धुतलीस आणि अर्धी मला दिलीस.

केसरबाई : मी कोनालेच सांगलं नाई ते. ह्याच्या बापाले बी नाई. मले वाटे, तू विसरला.

सुकदेव : विसरलो असतो तर बरं झालं असतं. मला अजून कुणाकडे काही मागता येत नाही. शाळेत तहान लागली तर शिपायाला पाणी आण म्हणवत नाही, स्वतः उठतो. लोक म्हणतात, गुरुजी फार साधे. साधेपणा कसला, भीती आहे ती. दादांनी टोपलं जाळलं म्हणून मी शिकलो. पण आतमध्ये मी अजून त्या दाराशीच उभा आहे.

केसरबाई : मंग उद्या जाऊन काय व्हईन?

सुकदेव : माहीत नाही. पण इथली रीत वेगळी आहे. भिक्खू काही मागत नाही, नुसता उभा राहतो. देणारी चप्पल काढते, दोन्ही हातांनी पात्रात अन्न घालते आणि वाकून वंदन करते.

केसरबाई : कोन वाकते?

सुकदेव : देणारी.

केसरबाई : खरं सांग.

सुकदेव : खोटं बोलणार नाही असं कालच शील घेतलंय.

केसरबाई : घेनारा वाकत नाई?

सुकदेव : नाही, माय.

केसरबाई : भागा, आपन आनलेलं कळण्याचं पीठ किती उरलं?

भागाबाई : आठ-दहा भाकरीचं असंन. काहून?

केसरबाई : काहून म्हने. सकाळी चूल कुठी पेटवू देतीन, तेवढं विचारून ये.

(दुसऱ्या दिवशी सकाळी, बंगल्याच्या फाटकासमोर. भिक्खूंची रांग येते आहे. सुकदेव सगळ्यांत मागे.)

भागाबाई : आला पाह्य. चीवर काय शोभते त्याले. अक्का, चप्पल काढ.

केसरबाई : सकाळपासून घातलीच नाई.

भागाबाई : मी देऊ का?

केसरबाई : नाई. चार भाकरी मोडल्या तवा ही एक गोल जमली. मीच देईन म्हटलं तर मीच देईन.

भागाबाई : दिली ना? आता वाकू नको जास्ती, गुडघा धरते तुहा.

केसरबाई : धरू दे.

भागाबाई : अवं, तो रडू राह्यला.

केसरबाई : दिसते मले. भिक्खूले रांगेत बोलता येत नाई, तू बी बोलू नको. जाय, सुकदेव. पुढच्या दारी जाय. तिथं बाया कव्हाच्या भात घेऊन उभ्या हायेत.