केबिनमधली आठवी जागा

—नाही, आधी बूट काढ. लाजतेस काय? या पार्किंगमध्ये तुझी टाच बघायला मी आणि हा कचऱ्याचा डबा सोडून आहे कोण? दे पाय इकडे. अगं बाई, सोलून निघालीय की! म्हणून अर्ध्या वाटेतून परत फिरलीस होय! नवे कोरे बूट घालून थेट डोंगरावर यायला कुणी सांगितलं तुला? कामयारनं? वाटलंच मला. दातांचा डॉक्टर तो, त्याला पायातलं काय कळतंय! 'चांगले बूट घे, गोलनार, चांगले बूट घे' — आणि ते आठ दिवस घरात घालून फिरायचे असतात, हे कोण सांगणार? थांब, पट्टी आहे माझ्याकडे. माझ्या पिशवीत सगळं असतं. वर गेलेत ना, त्या मंडळींच्या पिशव्यांमध्ये असली साधी चिकटपट्टी सापडायची नाही तुला. पाण्याची नळी सापडेल — बघितलंस ना, चालता चालता तोंडात धरतात, वासरं लुचतात तशी? आणि काठ्या. माणशी दोन. आपली इराणी माणसं इथं कॅनडात येऊन चार पायांवर चालायला लागली आहेत, गोलनारजान.

चहा घे. नको काय, घे की. कपभर चहानं माझा थर्मास रिकामा होतोय होय? हं, अस्सं. बघ, दुसऱ्यांदा म्हटल्यावर हात पुढे आला तुझा. शिराझची ना तू? आईनं वळण लावलंय, कळतं लगेच. साखरेचा खडा दातात धर, वितळवू नकोस चहात, मोझगानसारखी. मोझगान म्हणजे कामयारची बायको गं, ती जांभळ्या टोपीवाली. ती तर साखरच घेत नाही आता. लाकडाचा भुसा दाबून केल्यासारखी एक वडी असते, ती चावत बसते वर जाऊन, आणि माझ्या अंड्याच्या कुकूच्या डब्याकडे बघून, मी तिची सख्खी मावशी असल्यासारखं म्हणते, 'खाला, किती तेल घालता हो अंड्यात!' म्हणते, आणि मग डब्याचा तळ दिसेपर्यंत खाते. मी बघत असते.

मला? मला काय झालंय वर न जायला? काही नाही झालं. गुडघे? कोण म्हणालं गुडघे? — ऐक, मी सांगते सकाळी काय झालं ते, तू गाडीतून उतरून इकडेतिकडे बघत होतीस तेव्हा. मी या इथं उभी होते, नाड्या बांधून, टोपी घालून, पिशवी पाठीला लावून. कामयार आला, म्हणाला, 'फरांगीस खाला, आजचा चढ जरा कडक आहे, येताय ना?' आता यावर मी काय म्हणणार? 'हो हो, चल,' असं म्हणू? हपापल्यासारखं? मी म्हटलं, 'नको रे बाबा, तुम्ही तरणी माणसं, माझ्यामुळे तुमचा खोळंबा कशाला.' तुला सांगायला नको, यावर चांगल्या घरचा माणूस काय म्हणतो. 'खाला, तुमच्याशिवाय डोंगराला काय चव आहे!' म्हणतो. मग मी म्हणते, 'नाही रे, खरंच, गुडघे कुरकुरतात.' मग तो म्हणतो, 'तुमचे गुडघे आमच्या डोळ्यांवर, आम्ही उचलून नेऊ.' मग मी हसते, आणि मग चालायला लागतो सगळे. झालं! एवढंच असतं. आणि यानं काय केलं? अंगठा वर केला. माझ्यासमोर! तेहरानमध्ये अंगठा म्हणजे शिवीच, असा दाखवला असता तर बापानं थोबाड फोडलं असतं. 'काही हरकत नाही, खाला, आराम करा.' आणि निघाला. मागे वळूनसुद्धा बघितलं नाही. मी पिशवी पाठीला लावून उभी. मग काय करते, पिशवी काढली आणि म्हटलं चला, बसू.

कॅनेडियन झालाय तो. एकदा विचारतात, आणि जे ऐकलं तेच खरं धरतात. याला काय माणसं म्हणायची? दुकानातलं यंत्र पण 'पावती हवी का' म्हणून एकदाच विचारतं.

आणि हा ग्रुप कुणाचा आहे माहितीये का तुला? माझा. माझा आणि बहमनचा, माझा नवरा, देव त्याला सुखात ठेवो. तेहरानला आम्ही दर शुक्रवारी डोंगर चढायचो, लग्नाआधीपासून. इथं आलो, शनिवारी चढायला लागलो. दोन गाड्या भरून माणसं, बस. बहमन चहाचा खराखुरा सामोवार पाठीवर घेऊन चढायचा, कोळशासकट! वर पोचलं की आधी चहा, मग गाणं, मग भांडण, मग परत चहा. हा कामयार तेव्हा नुकता आलेला, परीक्षेत दोनदा नापास झालेला, खांदे पाडून मागे मागे चालायचा. त्याच्या तोंडात घास कुणी घातला? मी. 'घे रे, अजून घे' — तीन-तीनदा म्हटल्याशिवाय घ्यायचा नाही तेव्हा तो! तेव्हा येत होती त्याला सगळी रीत. आता बघ. वर पोचले की आधी फोटो, मग श्वास. दगडावर चढायचं, हात पसरायचे, आणि तोंड पलीकडे — पाठीचा फोटो! अरे, पाठच दाखवायची तर खाली उभं राहून दाखव.

ती केबिन? सांगितलं का तुला कुणी तिच्याबद्दल? ऑक्टोबरातली लांब सुट्टी असते ना, इथले लोक टर्की खातात ती, तेव्हा जातो आम्ही. उत्तरेकडे, तळ्याच्या काठाला. आठ जणांची जागा, नववा माणूस तिथला रखवालदार आत घेत नाही. कोण आठ, ते आज ठरणार, वर, चहाच्या वेळी. जो वर पोचला त्याचंच नाव. खाली राहिलेल्याचं घ्यायचं नाही. ही रीत माझीच हं — पूर्वी लोक घरी सोफ्यावर बसून 'येतो येतो' म्हणायचे आणि आयत्या वेळी तोंड लपवायचे, म्हणून मीच पाडली. तर आज मी खाली. म्हणजे कळलं ना?

नाही, मला काय करायचंय त्या केबिनचं! घोरतात सगळे. मोझगान तर अशी घोरते, बाहेरचं अस्वल लाजेल. संडास लांब, पाणी बर्फासारखं, गाद्या पापडासारख्या. आणि तो कामयार रात्री जेवताना प्रत्येकाला विचारणार, 'या आठवड्यात तुला कशाबद्दल कृतज्ञ वाटलं?' — भाताचा घास हातात धरून थांबायचं माणसानं! मागच्या वर्षी मला विचारलं. मी म्हटलं, मिठाबद्दल, तू घालायला विसरलास त्याबद्दल. सगळे हसले. बराच वेळ हसले. पहाटे मी उठले शेगडी पेटवायला. दरवेळी मीच उठते. बाहेर अंधुक उजाडलेलं, आणि हे सात जण पसरलेले, कुणाचा पाय कुणाच्या अंगावर, सगळ्यांचे श्वास वेगवेगळे चाललेले. मी पाणी ठेवलं आणि नुसती बसून राहिले. लवकर उकळू नये असं वाटत होतं. माझ्याकडे घरी कसला आवाज? फ्रीजचा. मुलगा टोरांटोहून फोन करतो, पण गाडी चालवताना. घर आलं की 'ठेवतो हं आई'. मला त्याच्या घरापर्यंतचा सगळा रस्ता पाठ झालाय, घर कसं दिसतं ते मात्र— जाऊ दे. कुठून कुठे गेले मी. थंडी वाजतेय का तुला? पाय वर घे.

काय? मोठ्यानं बोल, तोंडातल्या तोंडात काय बोलतेस. — तुला? कामयारनं? कधी? आज सकाळी, गाडीत?

म्हणजे डोंगराच्या पायथ्याशी यायच्या आधीच. म्हणजे मला विचारायच्या आधीच. आठवी जागा. 'खालाचे गुडघे गेले आता, तू चल' — असं म्हणाला? हेच शब्द? हं. आणि मी इथं मघापासून त्याला दुधखुळा समजतेय, रीत विसरला म्हणून शिव्या घालतेय! विसरला कुठला. पुरती लक्षात आहे त्याच्या. मी पहिल्यांदा नकोच म्हणणार, हे माहीत होतं त्याला, म्हणूनच एकदा विचारलं. हसत हसत. अरे, माझ्या हातचं खाऊन मोठा झालास— आणि तू तर अर्ध्या वाटेतून लंगडत परत आलीस, तरी तुझी जागा पक्की! वा!

नाही, तुझ्यावर नाही रागावले. तुझा काय दोष. तू जा, जायलाच हवंस. कुठे राहतेस म्हणालीस, तळघरात ना? वरच्यांची पावलं ऐकत. कॉलेजात बोलतं का कुणी? नुसतं 'हाय'? तेच. इथं सगळे दात दाखवतात आणि पुढे जातात. तिथं येशील तर दोन दिवसांत मैत्रिणी होतील तुला, मोझगान तोंडाळ आहे पण जीव लावते. जा तू. शेगडीत लाकडं कशी रचायची ते सांगते तुला—

काय म्हणालीस? 'माझ्या जागी तुम्ही जा'? खरंच म्हणतेस, 'तुमचाच हक्क आहे, खाला, मी पुढच्या वर्षी येईन'?

हो. जाईन.

काय झालं? अशी का बघतेस? विचारलंस तू, मी हो म्हटलं. — कळतंय मला. मी 'छे छे' म्हणायचं होतं, मग तू 'माझी शपथ' म्हणायचं, मग मी तुझा चेहरा हातात धरून 'तुझ्यावरून जीव ओवाळीन, पण तूच जा' म्हणायचं, आणि तू जायचीस. सुरेख वळण आहे तुला. आईला सांग माझ्याकडून. पण इथं एकदाच विचारतात, बाळ, आणि जे ऐकलं तेच खरं धरतात.

रडू नकोस. बूट घाल. नाही, नाडी सैल ठेव, पट्टी निघेल. ऐकू येतंय का, काठ्या खडखडायला लागल्या, उतरले ते. तूच सांग त्याला. मी नाही सांगणार. आवाज चढवून सांग, सगळ्यांना ऐकू जाईल असं, की ही जागा तू मला दिलीस, आपणहून. आणि हसत सांग.

जा म्हटलं ना. जा.