एक वाजताची कोंबडी

भाऊ: ताई, थांब! ही कोंबडी एक किलो आहे, चौदा किलो नाही. मीठ चमच्यानं घाल, मुठीनं नको.

ताई: बावीस वर्षं एकशे चाळीस माणसांचं मीठ मी मुठीनं घातलं. कुणाची तक्रार आली?

भाऊ: तेव्हा पातेलं एवढं होतं की त्यात माणूस बसला असता. हा भाताचा कुकर आहे. पुस्तिकेत स्पष्ट म्हटलंय, क्षमता एक पूर्णांक आठ दशांश लिटर.

ताई: बरं बाबा, चमच्यानं घालते. तू पंख्याचं बघ.

भाऊ: पंखा आणलाय. कारखान्याच्या भांडारातून बाहेर काढताना गेटपासवर 'दुरुस्तीसाठी' असं लिहावं लागलं. पंखा अगदी ठणठणीत आहे. भांडारपाल झाल्यापासून माझ्या हातून झालेली ही पहिली खोटी नोंद.

ताई: आणि रजेच्या अर्जात काय लिहिलंस?

भाऊ: 'बहिणीची प्रकृती.' ती नोंद खरी आहे. तीन आठवडे तुझी प्रकृती मला ठीक दिसत नाहीये.

ताई: एक वाजून पाच मिनिटांनी सुधारेल. आता सांग, समोर काय चाललंय?

भाऊ: कॅन्टीनच्या खिडक्या सताड उघड्या आहेत. टेबलांवर नवीन कापडं अंथरलीत. जिथं तुझी चूल होती तिथं ती तयार जेवणाची पाकिटं गरम करायची तीन कपाटं उभी आहेत, आणि आपला मॅनेजर त्यांना लाल फीत बांधतोय. गाठ बसत नाहीये.

ताई: हेड ऑफिसचे मोठे साहेब?

भाऊ: अजून नाहीत. बरोब्बर एकला येणार. फीत कापणार, आणि सगळ्यांबरोबर पाकिटातलं जेवणार. ताई, एक विचारू? नुसत्या वासानं काय होणार आहे?

ताई: तुला माझा निरोपसमारंभ आठवतो?

भाऊ: मी दुसऱ्या रांगेत होतो.

ताई: काय म्हणाला तो मॅनेजर माइकवरून?

भाऊ: जाऊ दे ना.

ताई: म्हण.

भाऊ: "बाईंच्या हाताला चव आहे, पण घड्याळ नाही. जेवणाची सुटी अर्ध्या तासाची आणि बाईंची कोंबडी दीड तासाची."

ताई: आणि एकशे चाळीस माणसं हसली. ज्यांना मी वाटी भरून दुसऱ्यांदा वाढलं, ती हसली. त्यांचंही मला काही नाही. मी हसले, भाऊ. तोंडावर पदर धरून मीसुद्धा हसले. तीन आठवडे तेवढंच आठवतंय. आणि वर हे खोकं हातात दिलं, भाताचा कुकर! "घरी आता निवांत भात लावा."

भाऊ: म्हणून त्यातच कोंबडी.

ताई: म्हणून त्यातच कोंबडी, आणि तीही अर्ध्या तासात. तो त्या पाकिटांसमोर उभा असेल आणि अख्ख्या कॅन्टीनची नाकं या खिडकीकडे वळतील. मोठे साहेब विचारतील, हा वास कुठला? मग त्याला माझं नाव घ्यावं लागेल. सगळ्यांसमोर. किती वाजले?

भाऊ: बारा एकेचाळीस.

ताई: तळाशी कांदा, त्यावर तेल, त्यावर कोंबडी. लसूण, मिरी, आलं सकाळीच चोळून ठेवलंय. तुकडे बघ, लिंबाएवढेच केलेत. मोठे तुकडे बाहेरून शिजतात आणि आतून मॅनेजर राहतात.

भाऊ: म्हणजे?

ताई: कच्चे. पाणी अर्धी वाटी. झाकण. दाब खटका.

भाऊ: दाबला. दिवा लागला. नोंद घ्यायची तर बारा बेचाळीस.

ताई: नोंद नको घेऊस, लिंबू चीर.

भाऊ: फीत बांधून झाली. आता तो भाषणाचा कागद काढून पुटपुटतोय... ताई, तुझा हात झाकणावर का?

ताई: सवय आहे. दर पाच मिनिटांनी बघायची.

भाऊ: वाफ गेली की वेळ गेला. हे पुस्तिकेत नाही, माझ्या बायकोचं मत आहे.

ताई: मग बरोबर असणार. घे, हात मागे बांधले.

भाऊ: खट्ट! ऐकलंस? खटका वर आला. बारा पंचावन्न. कार्य पूर्ण! थांब, मी प्लगची पीन काढून झाकण उघडतो—

ताई: अरे मेल्या, थांब! काय केलंस हे?

भाऊ: पुस्तिकेत लिहिलंय, खटका वर आला म्हणजे पदार्थ तयार.

ताई: पदार्थ म्हणजे भात! पाणी आटलं की तो खटका उडतो. आत भात आहे, कोंबडी आहे की मॅनेजरचा बूट आहे, हे त्याला काय कळणार? हा बघ तुकडा, मधोमध अजून गुलाबी आहे. लाव पीन.

भाऊ: लावली. खटका खाली राहत नाहीये. पुन्हा वर येतोय.

ताई: तापलाय तो. दोन मिनिटं दम खाऊ दे. मी चार चमचे गरम पाणी सोडते. सगळा वास फुकट गेला की नाही बघ.

भाऊ: फुकट नाही. भांडाराचा हिशेबनीस गल्लीत थबकलाय आणि हवेकडे बघतोय.

ताई: त्याला हवा खाऊ दे. आता दाब.

भाऊ: राहिला! अट्ठावन्न. ताई, गाडी आली. मोठे साहेब उतरले. मॅनेजर पायऱ्यांवरून उलटा चालत पुढे चाललाय.

ताई: उलटा का?

भाऊ: साहेबांना पाठ दिसू नये म्हणून. कापली फीत. टाळ्या. सगळे बसले. कपाटाचं दार उघडलं, पाकिटं आली. साहेबांनी पहिला घास घेतला... आता पाणी पितायत. आता पुन्हा पाणी.

ताई: एक सात. शिजली. सुरी आरपार गेली, रस स्वच्छ आहे. पिळ लिंबू. फिरव पंखा त्यांच्याकडे. उघडते झाकण.

भाऊ: अगं आई गं. ताई, माझीच शुद्ध हरपेल.

ताई: तू समोर बघ!

भाऊ: पहिली रांग वळली. दुसरी वळली. वेल्डर उभाच राहिला. साहेबांनी चमचा खाली ठेवला, नाक वर केलं. मॅनेजरला काहीतरी विचारतायत. ताई, मॅनेजर हसतोय!

ताई: हसतोय?

भाऊ: साहेब त्याच्या पाठीवर थाप मारतायत. आता तो बाहेर आला... गल्लीत... ताई, तो इकडे येतोय! मी रजेवर आहे! मी तुझ्या कपाटामागे आहे!

(खिडकीखालून मॅनेजरचा दबका आवाज.)

मॅनेजर: बाई! ओ बाई! नमस्कार. तुम्ही इथे राहता होय?

ताई: बावीस वर्षं. याच खिडकीतून तुम्हाला पित्ताच्या वेळी थंड दूध दिलं होतं.

मॅनेजर: हो का? वा. बाई, एक छोटीशी विनंती होती. हळू बोला हं. हा जो सुगंध येतोय ना, साहेबांचा असा समज झालाय की तो आपल्या नव्या यंत्रांमधून येतोय.

ताई: आणि तुम्ही काय सांगितलंत?

मॅनेजर: मी काहीच बोललो नाही. ते 'शाब्बास' म्हणाले, मी 'थँक यू' म्हणालो. एवढाच संवाद झाला. पण आता ते म्हणतात, "हे पाकीट नको, ज्याचा वास येतोय ते पाकीट फोडा." एक प्लेट मिळेल? कशात शिजवलंत हो हे, इतक्या झटपट?

ताई: तुम्ही दिलेल्या कुकरमध्ये. पंचवीस मिनिटं लागली.

मॅनेजर: बघा! मी तेव्हाच कमिटीला म्हटलं होतं, भेट उपयोगी हवी.

ताई: साहेब आज रात्रीच परत जाणार?

मॅनेजर: छे, महिनाभर मुक्काम आहे. यंत्रांचा रिपोर्ट करायचाय. रोज दुपारी इथेच जेवणार.

ताई: रोज? इथेच?

मॅनेजर: अगदी एक वाजता. शिस्तीचा माणूस. बाई, प्लीज, माझी इज्जत तुमच्या हातात आहे.

ताई: धरा. ताट दोन्ही हातांनी धरा, रस सांडेल. हा लिंबाचा तुकडा. हा एक जास्तीचा तुकडा, साहेबांना आवडला तर असू दे.

मॅनेजर: काय मोठं मन आहे हो तुमचं! येतो. कुणाला बोलू नका हं.

ताई: मी कशाला बोलू? सांभाळून जा, पायरी आहे.

भाऊ: गेला?

ताई: गेला. ये बाहेर, कोपराला जळमट लागलंय.

भाऊ: ताई, तू ताट दिलंस! निवडून चांगले तुकडे दिलेस! मी खोटा गेटपास केला, रजा खर्ची टाकली, आणि तू त्याला शाब्बासकी मिळवून दिलीस? एक हाक मारली असतीस साहेबांना, तर तिथल्या तिथे सोक्षमोक्ष झाला असता.

ताई: झाला असता. मग पुढे?

भाऊ: पुढे काय? त्याची फजिती झाली असती.

ताई: पाच मिनिटं. मग सगळे हसले असते आणि जेवण संपलं असतं. हसण्याचं मला माहीत आहे, हसणारे घरी जाऊन विसरतात. समोर बघ, साहेब काय करतायत?

भाऊ: खातायत. हाडसुद्धा सोडत नाहीयेत. मॅनेजर शेजारी उभा राहून कपाटाकडे हात दाखवतोय. कसलंसं तापमान समजावून सांगतोय वाटतं.

ताई: सांगू दे. उद्या एकला साहेब काय मागतील?

भाऊ: हेच.

ताई: आणि कपाटातून काय निघेल?

भाऊ: पाकीट... ताई!

ताई: तुझं पान घे. मांडीचा तुकडा ठेवलाय तुला.

भाऊ: म्हणजे महिनाभर तो रोज या खिडकीखाली येणार. आणि तू रोज देणार?

ताई: कधी देईन. कधी खिडकी लावलेली असेल.

भाऊ: मग मी यादी करून ठेवतो. कुठल्या तारखेला द्यायचं, कुठल्या तारखेला नाही. घोळ नको.

ताई: यादी नको. खिडकी उघडी आहे की बंद, ते त्यानं रोज बाहेर येऊनच बघायचं.