दुपारीच फेल होणाऱ्या टेस्ट

अरे, माझा पहिला कोड आईमुळे मंजूर झाला, माहीत आहे का? एका ओपन सोर्स वेबसर्व्हरमध्ये मी छोटी दुरुस्ती केली होती. नियम असा, की आधी सगळ्या टेस्ट, म्हणजे कोड नीट चालतो का ते आपोआप तपासणाऱ्या चाचण्या, आपल्या मशीनवर पास करून दाखवायच्या. माझ्याकडे त्या सकाळी पास व्हायच्या आणि दुपारी फेल. सर्व्हरचं उत्तर एका सेकंदात यायला हवं, दुपारी ते वेळेत येतच नव्हतं. प्रकल्प सांभाळणारा नॉर्वेचा माणूस म्हणाला, "इथं पास होतात. तुमचा कोड तपासा." तीन दिवस तपासला. शेवटी नाद सोडायला निघालो.

तेवढ्यात आई आली. "काहून डोकं धरून बसला गा?"

सांगितलं, तर तिनं लॅपटॉपला हात लावला. "बाप्पा, तवा झाला न हा! गरमीत माणसं ढिली पडतात, मशीन नाही पडणार?"

तिनं आपल्या खाटेकडचा कुलर लॅपटॉपकडे वळवला. दहा मिनिटांत सगळ्या टेस्ट पास!

मी नॉर्वेला खरं ते कळवलं, की खोलीत बेचाळीस डिग्री तापमान होतं, लॅपटॉप तापून मंदावत होता. लगेच उत्तर आलं, "कोड घेतला. पण तुम्ही सुखरूप आहात ना?"

आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "त्याले सांग, मे तं अजून यायचाच आहे."