ओट्याचं माप

हॅलो?… हॅलो, कोण?… जरा मोठ्याने बोला, आत मिस्त्री दगड कापतोय, माझाच आवाज मला ऐकू येईना.

… चिमे होय. मग लेक बोलतेय म्हणून आधी सांगायचं ना. थांब, गॅलरीत येते… हं. बोल.

… कशी असणार. स्वयंपाकघर फोडलेल्या घरात बाई जशी असते तशी. फ्रीज आणून ठेवलाय माझ्या उशाशी. रात्रभर घरघरतो, मधेच एक हुंदका देतो आणि गप्प. तुझ्या बाबांची आठवण येते… हसू नकोस. ते गेल्यापासून पहिल्यांदा त्या खोलीत कोणीतरी घोरतंय.

… हो, जेवले. बाहेरच्या खोलीत टेबलावर शेगडी मांडलीय, खाली तुझ्या दादाचे बूट. भाताचा घास घेतला की दाताखाली कचकच. घरात धूळ इतकी की नुसती फुंकर मारली तरी घर हलल्यासारखं वाटतं.

… नाही, दोघंही नाहीत. दादा कामावर, त्याची ठमी शाळेत, आणि वहिनी गेलीय टाइल्स बघायला. मिस्त्रीवर लक्ष ठेवायला मी. पगार नाही, रजा नाही.

… झालं की बरंचसं. जुना ओटा गेला… हो, सगळा. हातोडा घातला तेव्हा मी खोलीचं दार लावून बसले… धुळीसाठी गं. दुसरं काय असणार. तो ओटा कुठे माझा लाडका होता. तुझ्या आजीच्या मापाने बांधलेला, सासूबाई म्हणजे ताडमाड बाई, मी त्यांच्या खांद्याला. लग्न करून आले तशी टाचा वर करूनच कणीक मळली आयुष्यभर. एका शब्दाने बोलले का कधी?… बोलले असेन. तुला लहानपणचं बरं सगळं आठवतं.

… नवीन दगड काळा आहे. आरशासारखा. पुसायला वाकलं की आपलंच तोंड. या वयात कशाला हवंय ते.

… ऐक ना पण. मी तुला एक विचारते, खरं सांगशील?… हे स्वयंपाकघर बांधतायत की भातुकली?

… अगं कसं म्हणजे. गॅसची चार शेगड्यांची होती ती गेली, तिच्या जागी दोनची येणार. चार माणसांचं घर आणि दोन शेगड्या. एकीवर दूध, एकीवर चहा, मग भाजी काय काडीपेटीवर शिजवू?… फ्रीजपण हा जाणार. नवा येणार एवढासा, माझ्या खांद्याला लागतो, दुकानात दाखवला मला. त्यात एक कोबी ठेवला की दार लागायचं नाही… आणि मोठी पातेली सगळी वाटून टाकली. तुझ्या लग्नात मांडवभर माणसांचा चहा झाला ज्यात, तेसुद्धा. म्हटलं, अगं घरात चार पाहुणे आले तर? तर वहिनी म्हणते, "आई, तुम्हाला उचलणार आहे का ते?" मी कशाला उचलू. ती धडधाकट आहे की.

… वरची कपाटंसुद्धा नाहीत. वर नुसती भिंत. सगळं खाली, कमरेच्या आत, हाताशी. दिव्याची बटणंपण खाली घेतली.

… सोय? कोणाची सोय?… चिमे, मला धड वाचता येत नसेल, पण चित्र कळतं. नकाशा बघितला मी. टेबलाला खुर्च्या दोन. मी विचारलं, ही एक आणि ही एक, बाकीच्यांनी काय उभ्याने जेवायचं? दादा म्हणाला, "ते नुसतं दाखवायला काढलंय गं." आणि गुंडाळी करून टाकली.

… मी कुठे भांडले. मी फक्त म्हटलं, की माझ्या हातातलं उलथणं काढून घ्यायचं असेल तर सरळ घ्या, त्यासाठी भिंती कशाला पाडता… हो, म्हटलं. तोंडावर म्हटलं. मागून बोलायची सवय मला नाही, ती तुमच्या पिढीची.

… बघ, आता तू वहिनीची बाजू घेतेस. हे नवीनच. आजवर तिच्या चहाड्या करायला फोन यायचा तुझा.

… बरं, बरं. राहिलं. एका गोष्टीत मात्र मी जिंकले, तेच सांगायला तुला संध्याकाळी फोन लावणार होते. काल मिस्त्री ओट्याचं माप घ्यायला आला. हातात पट्टी. विचारतो, "इथे उभं कोण राहणार?"… तशी पद्धत असते म्हणे आता. जी बाई काम करणार तिने उभं राहायचं, कोपर वाकवायचं, त्याच्या जरा खाली ओटा. नाहीतर कंबर जाते.

मी म्हटलं, झालं. आता ही पुढे होणार. मी तयारच होते, तोंडात वाक्य धरून होते. आणि तुला सांगते, वहिनी म्हणाली, "आईंचं माप घ्या."

… हो. स्वतःहून. मी काही बोलायच्या आत.

मग काय, राहिले उभी. त्याने कोपर धरलं, भिंतीवर पेन्सिलीने खूण केली. ती खूण इतकी खाली, चिमे, की मला वाटलं चुकला हा. मग त्याने तिथे एक फळी धरली आणि म्हणाला, "टेकून बघा आजी." आजी म्हटल्याबद्दल त्याला आधी ऐकवलं. मग टेकले… काय सांगू. हात असा आपला जाऊन विसावला. टाचा जमिनीवर आणि हात ओट्यावर, दोन्ही एकाच वेळी. मला नव्हतं माहीत असं असतं ते.

… तेच तर. ती केवढी उंच. खिडकीची वरची कडी हात न ताणता काढते. त्या ओट्यावर भाजी चिरायची तर तिला घडी घालावी लागेल कमरेची. मी म्हटलं तसं, माझं मन काही एवढंसं नाही. म्हटलं, अगं, तुझी कंबर जाईल. मधलं काहीतरी माप घ्या. तर म्हणते, "नको आई, मला चालेल." आणि लगेच काहीतरी पुसायला वळली. पुसायला तिथे होतं काय, फोडलेली भिंत.

… हॅलो?… चिमे?… गेला वाटतं फोन.

… आहेस ना. मग बोल की.

… "छान झालं" काय. छान झालं असं कोणी रडक्या आवाजात म्हणतं का. सर्दी झालीय?

… नाही, थांब. विषय बदलू नकोस. जावईबापूंचं नंतर सांग. थांब जरा. मला बसू दे.

एवढी उंच बाई. तिला रोज तिथे उभं राहायचं असतं, तर तिने दिलं असतं का गं माझं माप?… मी नसतं दिलं. कोणीच देत नाही. सासूबाईंनी दिलं का?

… ऐकते आहे मी. आता तू ऐक.

ती चार शेगड्यांची. मला वाटलं विकली. परवा माळ्याखाली खोकं दिसलं, त्यात होती. कागदात गुंडाळून, एकेक बर्नर वेगळा बांधून. विकायची वस्तू कोणी इतकी नीट बांधत नाही. मोठा कुकरपण त्याच खोक्यात… मी म्हटलं धुळीपासून जपून ठेवलंय. बघ, माझं डोकं.

दोन शेगड्या. एवढासा फ्रीज. सगळं हाताशी, कारण वरचं काढून द्यायला कोणी नसणार. दुसरी खुर्ची म्हणजे कोण आलं-गेलं त्याला… हे एका माणसाचं स्वयंपाकघर आहे, चिमे.

… जातायत ना ते?

… हो किंवा नाही म्हण. एवढंसं म्हण.

… हं.

… हं… कुठे?… एवढ्या लांब. बढती मिळाली म्हणजे चांगलंच आहे की. आणि ठमीची शाळा?… परीक्षा झाली की. म्हणजे ठरलंय सगळं. तिची तिथली शाळासुद्धा बघून झाली असेल… झालीय.

… तुला कधी कळलं?… म्हणजे हा दगड कुठला घ्यायचा हे विचारायला दादाने तुला फोन केला होता तेव्हाच. मला वाटायचं बहीण-भाऊ बोलतायत, बरं वाटायचं ऐकून. आत बसून कान देत नव्हते मी, माणसांनी एकमेकांशी बोलावंच म्हणून.

… कोण घाबरतं?… मला? मला घाबरतात? मी काय खाते त्यांना?

… हो, म्हणते मी तसं. या घरातून मी हलणार नाही, मला उचलूनच न्या. म्हणते. रागात म्हणते, सगळ्यांना ऐकू जावं म्हणून म्हणते. तुझे बाबा असल्यापासून म्हणते आहे. ते हसायचे आणि चहा मागायचे. तुम्ही ते खरं धरलंत. पाटी लावल्यासारखं धरून ठेवलंत.

… "तू नाहीच म्हणाली असतीस." हो, नाहीच म्हणाले असते. साफ नाही म्हणाले असते, वर चार शब्द सुनावले असते. पण विचारायचं, चिमे. नाही म्हणायला तरी मला कोणीतरी विचारायला हवं ना.

… नाही रडत मी. धूळ आहे.

… नंतर काय? घर मोठं मिळालं की, जम बसला की… हो, कळलं. नंतरचं मला सांगू नकोस. मीच शिकवलंय तुम्हाला ते, बाजारात खेळणं मागितलं की नंतर म्हणायचं.

… तुझ्याकडे? तुझ्या सासूच्या घरात? त्या बाईच्या हातचा चहा पिऊन मी कशी जगणार. नको. तू बोललीस, पोचलं.

… वहिनीवर कशाला रागावू. तिने तर… गप्प बस जरा. मला हे नीट बोलू दे. तिने मला माझ्या मापाचं करून दिलं. स्वतःच्या मापाचं करून घ्यायची बाईला हौस नसते? इतकी वर्षं माझ्यामागून त्या स्वयंपाकघरात वावरली, एक खिळा तिच्या मनाने ठोकू दिला नाही मी. आणि जाताना… म्हणून जास्त लागतं. वाईट वागली असती तर बरं झालं असतं, निदान बोलायला तोंड राहिलं असतं.

… काय हो मिस्त्री? … फोनवर आहे ना मी. दगड तयार झाला का. … बसवायचा? आत्ता? … थांबा. अजून हात लावू नका.

… तुला नाही गं, मिस्त्रीला. आधी ओट्याखालच्या भिंती बांधणार, मग वर दगड, म्हणून त्याला माप पक्कं हवंय. एकदा दगड बसला की मग काही हलत नाही म्हणतो.

… थांब. बेल वाजली. तीच असेल, तिची बेल अर्धीच वाजते. … मिस्त्री, दार उघडा जरा.

… नाही, नाही, मी काही बोलणार नाही तिला. आणि तू तिला कळवायचं नाहीस की मला कळलंय. तिचं तिला सांगू दे. तेवढं तरी मला तिच्या तोंडून ऐकू दे.

… आलीस? काय ते नमुने ठेव तिकडे टेबलावर. … चिमीचा फोन आहे. … ती ठीक आहे, तिला सर्दी झालीय. इकडे ये. चप्पल काढ आणि इथे उभी राहा. … इथे, भिंतीला लागून. कोपर वाकव.

… चिमे, तू मधे बोलू नकोस.

मिस्त्री, कालची खूण पुसा. हिचं माप घ्या. … मला माहिती आहे काल काय ठरलं होतं. मला काय, मी खाली वीट घेईन पायाला, नाहीतर बसून करीन. एका माणसाचं असतं किती. पण ही माणसं सुट्टीला येतील… सणासुदीला, पोरीला सुट्टी लागली की येतील, तेव्हा ओट्याशी कोण उभी राहणार? हीच ना? तेव्हा हिने कमरेत वाकून करायचं?

… अशी बघतेस काय माझ्याकडे. कोपर खाली गेलं तुझं. वर घे. … हं, तसंच ठेव. … आता सरळ धर. … रडायचं ते माप झाल्यावर रड, मिस्त्रीची पट्टी हलते.

घ्या हो. करा खूण. नीट काळी करा, पुसली जाणार नाही अशी.

… अगं, तू अजून आहेस होय फोनवर?… ऐकलंस ना सगळं?… मग ठेव आता. इथे आम्हाला काम आहे.